गळकं घर आणि जुनी जीप

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ अशी म्हण ज्यांनी केली, त्यांनी पडकं घर विकत घेऊन नीट करायचा उद्योग केलेला नसावा. आणि तो करताना दारात तिशी उलटलेली जीप तर नक्कीच पोसली नसावी! आम्ही दोन्ही केलं. त्या वर्षी आमच्या घरात एकच वाद होता. हातातले पैसे आधी कशाला, कौलांना की ब्रेकला?

घर कुठलं म्हणाल, तर दापोली तालुक्यातलं. आंजर्ल्याहून आडे गावावरून केळशीला जाणारा जो रस्ता आहे, त्या रस्त्यापासून आत एक किलोमीटर, डोंगराच्या कुशीत आठ-दहा घरांची वाडी. वाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, दलाल लगेच भाव चढवतात. आम्ही राहतो साताऱ्याला. मेढ्यावरून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, पुढे कशेडी, खेड आणि दापोली, अशी वाट. कशेडीला आता बोगदा झाला. आम्ही घर घेतलं तेव्हा तोही घाट वळणावळणानं चढून उतरावा लागे. सकाळी सहाला निघालं की जेवायच्या वेळेला दापोली. जीपची तब्येत बरी असेल तर, हं!

पहिल्यांदा घर पाहिलं ते २०२१ च्या दिवाळीनंतर. पुढं पडवी, मग ओटी, माजघर, बाजूला देवघर, मागं स्वयंपाकघर आणि परसात रहाटाची विहीर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, दीड हात जाडीच्या. दारात उभं राहिल्यावर आत गारवा लागतो तसा लागला, पण वर पाहिलं तर आभाळ! ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्याच्या वाड्या झोपवून गेलं. नारळी-पोफळी मुळासकट गेल्या, कौलं पाचोळ्यासारखी उडाली, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. ज्यांचं माणूस गावात होतं त्यांनी पत्रे घालून घरं वाचवली. या घरातलं सगळं माणूस मुंबईला. दोन पावसाळे घर उघडंच भिजत होतं आणि मागची भिंत बसली होती.

आमचे हे तिथल्या तिथं म्हणाले, “हे घर नाही, खड्डा आहे पैशांचा.” मला मात्र माजघरातला खांब सोडवेना. काळा कुळकुळीत, हाताला तुकतुकीत.

नोकरीतून सुटल्यावर मिळालेले माझे पैसे बँकेत होते. फ्लॅटवर ह्यांचं नाव, शेतावर सासऱ्यांचं, माहेरच्या घराचा तर प्रश्नच नव्हता. माझं नाव असलेली एक पाटी कुठंतरी असावी, एवढंच मनात होतं. त्यातून २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. हिशेब दाखवला तेव्हा हे गप्प बसले.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण बायका इथंच “ते तुम्हीच बघा” म्हणून मोकळ्या होतात. घराची जागा गावठाणात आहे की शेतजमिनीत, हे पहिलं विचारा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा बघा. आणि उताऱ्यावर नाव एकाचं असलं तरी वारस किती, ते खोदून विचारा. आमच्या घराला नऊ निघाले. त्यांतली एक बहीण, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, डोंबिवलीला दिलेली. भाऊ म्हणाले, “आक्काचं काय, ती हक्कसोड करून देईल.” तिला कुणी विचारलंच नव्हतं! लेकीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली कायद्यात लिहून झाला, पण सहीच्या वेळेला अजूनही तो भावांच्या सोयीनं वाकतो. मी आमच्या वकिलांना सांगितलं, आक्का विकणार म्हणून सही करतील आणि त्यांचा वाटा त्यांच्या खात्यावर जाईल, नाहीतर व्यवहार नको. दोन महिने भाऊमंडळी फुगून होती. शेवटी नोंदणीच्या दिवशी आक्का काठी टेकत आल्या, सही केली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “परसातल्या जाईचं एक रोप मला पाठव.” वादळात जाई गेली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता जीपकडे वळते. मामंजींनी १९९१ साली घेतलेली महिंद्राची एमएम ५४०. डिझेलची, प्यूजोच्या बनावटीचं इंजिन, चारी चाकांना जोर देता येणारी. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. दर वेळी मला वाटायचं की आता तरी ही सुटेल! पण ह्यांचा जीव तिच्यात. माझ्या लोणच्याच्या बरणीशेजारी ग्रीसचा डबा किती वर्षं होता म्हणून सांगू! थंडीत चालू व्हायला नखरे, टाकीत डिझेल संपलं की नळीत हवा धरते, मग ती हवा काढेपर्यंत बसा रस्त्याच्या कडेला दगडावर. पाट्यांचं करकरणं तर कुंभरोशीपर्यंत ऐकू जावं.

घर घेतल्यावरची तिसरी खेप. जानेवारीचे दिवस. जीपमध्ये मागं सुताराचं सामान, दोन पोती चुना, पाण्याचा पिंप. प्रतापगडाचा फाटा मागं पडला आणि आंबेनळीच्या उतारावर जळल्याचा वास आला. मला वाटलं खालच्या रानात वणवा असेल. ह्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं. पाय खाली जातोय, गाडी थांबत नाहीये. ह्यांनी धडाधड गिअर खाली आणले, इंजिन ओरडलं, गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली आणि एका मोरीच्या कठड्याआधी ती थांबली. मी उडी टाकून चाकाखाली धोंडा लावला. हात इतके कापत होते की धोंडा दोनदा सुटला. याच घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस दरीत गेली आणि एकजण सोडून सगळे गेले. तिथून जाताना आम्ही एरवीही बोलत नाही. त्या दिवशी अर्धा तास कुणी बोललं नाही.

मेस्त्रीनं मग सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. जड गाडी घाटात ब्रेकवर उतरवायची नसते. सारखा पाय ठेवला की ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आमच्या जीपचं लायनिंग तर झिजून पत्र्याला लागलं होतं, आणि ह्यांना ते ठाऊक होतं! “कौलांचे पैसे द्यायचे होते ना,” असं म्हणाले. माझ्या घरासाठी ब्रेक राहिले होते, असा त्याचा अर्थ. मला रागही आला आणि पोटात गोळाही आला.

सातारला आल्यावर मी सरळ सांगितलं, जीप विका. गिऱ्हाईकही मिळालं. पुण्याचा एक हौशी मुलगा, दोन लाख ऐंशी हजार द्यायला तयार. त्यात माझं छप्पर झालं असतं. रविवारी येतो म्हणाला.

आदल्या बुधवारी वाडीवर तीनशे चिरे यायचे होते, मागची भिंत उभी करायला. ट्रकवाल्यानं चढ पाहिला आणि चिरे मुख्य रस्त्याच्या कडेलाच उतरवून तो निघून गेला. एक चिरा म्हणजे पंचवीस-तीस किलोचं ओझं. वर वाडीपर्यंत किलोमीटरभर कच्ची वाट, तांबडा धुरळा आणि शेवटी उभा चढ. बैलगाडी वाडीत उरलेली नाही. गवंडी म्हणाला, “वहिनी, डोक्यावरून न्यायचे तर माणसं कुठनं आणू? आता शिमग्याला महिना राहिला.” हे अगदी खरं आहे. कोकणात काम काढायचं तर दिवाळी ते शिमगा. शिमग्यात पालख्यांपुढं माणूस मिळत नाही, पुढं आंब्याच्या काढणीत मिळत नाही, आणि मग पाऊस.

ह्यांनी नुकतेच नवे ब्रेक घालून घेतले होते, गिऱ्हाइकाला फसवायचं नाही म्हणून. गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. पंधरा-पंधरा चिऱ्यांच्या वीस खेपा, दोन दिवस. चढाखाली थांबून हे छोटा दांडा ओढायचे, आणि जीप माणूस चालतो त्या चालीनं, कण्हत कण्हत वर जायची. मी वरच्या वळणावर उभी राहून समोरून कुणी येत नाही ना ते बघायची. विसाव्या खेपेला अंधार पडला होता. चुलीवर पिठलं-भात केला, ओटीवर बसून जेवलो, वर चांदण्या. ह्यांनी विषय काढला नाही. मीही नाही. वाळू राहिली होती, कौलं यायची होती, वासे यायचे होते. सगळं त्याच चढावरून. शनिवारी सकाळी त्या मुलाला फोन मीच केला. तो फार हिरमुसला. अजून अधूनमधून विचारतो.

छपराला पैसे मात्र उरले नाहीत, ते नाहीतच. मग काय केलं, ऐका. जुनं घर वरून खाली दुरुस्त करायचं असतं. आधी छप्पर, मग भिंती, जमीन शेवटी. फरशी आणि रंगाचा मोह आवरा. उडालेल्या कौलांतली परसात पडलेली मंगलोरी कौलं मी एकेक उचलून बोटाच्या गाठीनं वाजवली. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. निम्म्याहून अधिक निघाली. वाशांना कोयत्याच्या मुठीनं ठोकायचं, पोकळ आवाज आला की आत वाळवी. फणसाचे आणि ऐनाचे वासे टिकले होते, पूर्वी कुणीतरी मधे घातलेले स्वस्ताचे तेवढे भुसा झाले होते. माजघर आणि स्वयंपाकघर तेवढं शाकारून घेतलं. आढ्यावरचे कोने नवे आणले. पडवीवर ताडपत्री आणि झापं.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. घाईत मागच्या खोलीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुन्याला दिवस लागतात, सिमेंट दोन दिवसांत होतं, असं मलाच वाटलं. जांभा पाणी पितो आणि वाऱ्यानं ते सोडतो. सिमेंटनं त्याचं तोंड बंद झालं. पहिल्याच आषाढात भिंतीला फुगे आले आणि गिलाव्याची ताटाएवढी पापुद्री माझ्या डोळ्यांदेखत खाली आली. पुढच्या हिवाळ्यात ते सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. खर्च दुप्पट, आणि खरवडण्याचं काम ह्यांचं. बोलले नाहीत हो काही, पण सिमेंटची रिकामी पोती जीपमध्ये माझ्याच पायाशी ठेवली होती!

तुम्ही त्या बाजूला गेलात तर घर बघायला या म्हणायची सोय अजून झालेली नाही. पण आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती जरूर करा. उजव्या सोंडेचा आहे. देवळाच्या डोंगरावरून खाली माडांची बनं, पलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव लागतो. बाजारहाट करणाऱ्या बाईला देवळाइतकंच समाधान तिथं मिळतं. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर आंबेनळीचा रस्ता चालू आहे ना, ते आधी विचारून घ्या. २०२१ च्या जुलैत तो ठिकठिकाणी खचला होता.

पडवीला अजून झापंच आहेत. यंदा कौलं घालायची ठरली होती, तर जीपचा रेडिएटर गेला. ओटीवर मी पाटी लावली आहे, माझ्या नावाची, छोटीशीच. परवा हे तिच्याकडे बघत म्हणाले, “खाली जीपचा नंबर पण लिहिला असतास.” डोंबिवलीच्या आक्कांसाठी शेजारणीकडून जाईची काडी मागून घेतली, पिशवीत लावली, तिला तीन पानं आली आहेत. रेडिएटर झाला की घेऊन जाऊ.