साडेपस्तीस

शाळेत अणुवस्तुमानांचा तक्ता पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्यातले बहुतेक आकडे गुण्यागोविंदाने नांदतात. कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३. क्लोरीन तेवढा ३५.५. मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५ येते, उत्तर बरोबर ठरते आणि त्या अर्ध्याची चौकशी बहुधा कोणी करत नाही. पुढे समस्थानिके कळली की उलगडा होतो: निसर्गातल्या क्लोरीनच्या चार अणूंत साधारण तीन ३५ वस्तुमानाचे आणि एक ३७ चा, म्हणून सरासरी साडेपस्तीस. महाविद्यालयात त्याचे ३५.४५ होते. आणि रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ जो तक्ता प्रमाण मानतो, त्यात २००९ च्या निर्णयानंतर क्लोरीनपुढे एक आकडा नाहीच, ३५.४४६ ते ३५.४५७ असा पट्टा आहे. विद्यार्थ्याबरोबर हा आकडाही वयात येत जातो. मोजमाप बारीक होत गेले म्हणून तो बदलला, असे आपण समजून घेतो. मला ते पटत नाही. मोजमाप बारीक झाले असते तर आकडा एका बिंदूकडे सरकला असता, त्याचा पट्टा कशाला झाला असता? खरी गोष्ट अशी की साडेपस्तीस हा क्लोरीनच्या अणूचा गुणधर्मच नव्हे. पृथ्वीवर क्लोरीनचा जो साठा आहे, त्यातल्या मिश्रणाचा तो हिशेब आहे.

हा गैरसमज मुलांनीच केलेला नाही. शंभर वर्षे तो मोठमोठ्यांनी जपला. १८१५ मध्ये विल्यम प्राउटने मांडले की सर्व अणुभार हायड्रोजनच्या पूर्णांक पटीत असावेत. कल्पना मोहक होती, आणि क्लोरीन तिच्या आड आला. बेल्जियमच्या झां स्तासने तर प्राउटवर विश्वास ठेवून मोजमापे आरंभली, आणि आपल्याच काटेकोरपणाने त्याला ती कल्पना सोडावी लागली. दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालले होते, की एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्याच वजनाचे. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना नावानिशी मांडली आणि १९१९ नंतर अ‍ॅस्टनच्या वस्तुमान वर्णपटलेखकाने क्लोरीनच्या दोन रेषा वेगळ्या करून दाखवल्या. ३५ ला एक, ३७ ला एक. साडेपस्तीसच्या जागी काही नव्हते. प्राउट जवळजवळ बरोबर होता, स्तासची मोजमापेही बरोबर होती. चूक होती ती आकडा कोणाचा हे ठरवण्यात.

मग ज्यांनी चार-पाच दशांशांपर्यंत अणुभार काढण्यात हयात घालवली, त्यांचे श्रम वाया गेले का? सॉडीने पुढे जवळपास तसे म्हटलेच: काही भरलेल्या, काही अर्ध्यामुर्ध्या रिकाम्या बाटल्या एकत्र तोलून सरासरी काढावी, तसला हा उद्योग. हा आक्षेप सॉडीचा असला तरी मला अन्यायाचा वाटतो. कारण खुद्द त्याच्या कल्पनेला भक्कम पुरावा दिला तो अशाच एका तोलणाऱ्याने. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सने १९१४ मध्ये युरेनियमच्या खनिजांतले शिसे तोलले आणि ते नेहमीच्या शिशापेक्षा हलके भरले. नेहमीचे २०७.२, युरेनियमच्या पोटी जन्मलेले २०६ च्या जवळ, थोरियमच्या खनिजातले उलट २०८ कडे झुकणारे. सरासरी मुकी नसते. मिश्रण कुठून आले हे ती सांगते, फक्त तोलणारा हात तितका पक्का हवा.

यावर कोणी म्हणेल, शिसे हा अपवाद झाला, एरवी फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशात असतो. मग आर्गॉन पाहावा. त्याचे अणुवस्तुमान ३९.९५, आणि आवर्तसारणीत त्याच्यानंतर येणाऱ्या पोटॅशियमचे ३९.१०. हा उलटा क्रम पाठ्यपुस्तके अपवाद म्हणून सांगून मोकळी होतात. पण आपल्या हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन ४० वस्तुमानाचा आहे, आणि तो खडकांतल्या पोटॅशियम-४० च्या क्षयातून साठत आला आहे. सूर्यातला आर्गॉन मुख्यतः ३६ वस्तुमानाचा. म्हणजे तो अपवाद रसायनशास्त्राचा नाहीच, आपल्या ग्रहाच्या वयाचा आहे. लिथियमची गोष्ट तर माणसाने घडवलेली: हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ काढून घेतले गेले आणि उरलेला माल बाजारात आला. त्यामुळे निसर्गात सुमारे ६.९४ असणारे अणुवस्तुमान विकत मिळणाऱ्या काही बाटल्यांत ६.९९ च्या आसपास भरते. लेबलावरचा आकडा बघून द्रावण करणाऱ्याला याचा फटका बसू शकतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वर्गातल्या शिक्षकाचा आहे. साडेपस्तीस धरून गणिते सुटतात, प्रयोगशाळेतले वजन जुळते. आठवीतल्या पोराच्या डोक्यात सूर्यावरचा आर्गॉन कशाला? हे खरे आहे, पण ते का खरे आहे हेच तर शिकवण्यासारखे आहे. ५.८५ ग्रॅम मिठात क्लोरीनचे ६ वर २२ शून्ये इतके अणू असतात. एवढ्या गर्दीत प्रमाण ढळत नाही. शिवाय दोन्ही समस्थानिकांत इलेक्ट्रॉन तितकेच, म्हणून अभिक्रिया त्यांच्यात जवळपास भेद करत नाही. या 'जवळपास'वर मात्र कारखाने उभे आहेत. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा प्रकल्प आहे. शेजारच्या खत कारखान्यातला वायू घेऊन तिथे अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यात अणूंची अदलाबदल घडवतात, आणि हायड्रोजनचे जड समस्थानिक ड्युटेरियम अमोनियाकडे अधिक ओढले जाते. साध्या पाण्यात हायड्रोजनच्या साडेसहा हजार अणूंमागे एखादाच ड्युटेरियमचा. तो त्या पक्षपाताच्या जोरावर टप्प्याटप्प्याने गोळा होतो. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे, हे परीक्षेत गुण मिळवून देणारे वाक्य तिथे थोडे सैल करावे लागते.

त्यामुळे अभ्यासक्रम वाढवा असे मी म्हणणार नाही. सरासरी काढण्याची तीच ती गणिते कमी करून एक प्रश्न घातला तरी पुरे. ब्रोमीनचे अणुवस्तुमान ७९.९, म्हणजे जवळजवळ ८०. तर ब्रोमीनच्या बाटलीतल्या शंभर अणूंपैकी ८० वस्तुमानाचे किती? बहुतेक मुले नव्वदच्या पुढचा आकडा लिहितील. उत्तर शून्य आहे. बाटलीत ७९ आणि ८१ जवळपास निम्मे निम्मे असतात, आणि ब्रोमीन-८० प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केला तरी सुमारे १८ मिनिटांत निम्मा संपतो.