फुफींचा हिस्सा

गेल्या महिन्यात एका रविवारी फजरची नमाज पढून आम्ही दोघं भावंडं अम्मींना घेऊन चिंचवडहून निघालो. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर आणि जुन्नर गाठायचं होतं. डिकीत खजूर, मिठाई आणि अम्मींच्या पर्समध्ये दोन पाकिटं.

मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि चाकणच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. अम्मींनी काचेतून बोट दाखवलं, "इथंच कुठंतरी आपलं कांद्याचं वावर होतं." आता तिथं पत्र्याच्या शेड आहेत. दादांची ती जमीन एमआयडीसीत गेली. मोबदला अब्बा आणि चाचांनी निम्मा-निम्मा घेतला. आमचं चिंचवडचं घर त्यातूनच उभं राहिलं. दोन्ही फुफींनी त्याआधीच हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या.

अब्बांच्या इंतकालनंतर ते कागद आमच्या हाती आले. वर्गात आम्ही दरवर्षी अपूर्णांक शिकवतो, पण घरचं हे गणित कधी मांडलं नव्हतं. सूरह निसामध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा सांगितला आहे. दोन भाऊ, दोन बहिणी, म्हणजे एकूण सहा हिस्से. अब्बांचे दोन होते, घेतले तीन. त्यांना मिळालेल्या रकमेतला तिसरा भाग बहिणींचा होता. भिशी उचलून आणि अम्मींच्या दोन बांगड्या मोडून आम्ही पहिला हप्ता उभा केला.

राजगुरुनगरला चाचांनी चहा पाजला, पण विषय निघताच ते म्हणाले, "त्यांनी खुशीनं सोडलं होतं. जुनी गोष्ट आता कशाला उकरता?" आम्ही वाद घातला नाही. खेडचा घाट चढताना गाडीत कुणी बोललं नाही.

मंचरच्या बड्या फुफींना आम्ही चाचांचं म्हणणं सांगितलं. त्या हसल्या. "खुशी कुणी विचारली होती? सही केली नसती तर ईदला माहेरी कुणी बोलावलं असतं?" त्यांनी पाकीट घेतलं, पैसे मोजले आणि नातवाच्या फीसाठी बाजूला ठेवले. आम्हाला हलकं वाटलं.

नारायणगावहून जुन्नरकडे वळलो. शिवनेरी दिसू लागला तशा अम्मी गप्प झाल्या. छोट्या फुफींनी आधी जेवायला वाढलं. पाकीट पुढं केल्यावर त्या म्हणाल्या, "हे मी घेते, माझा हक्क आहे. पण भाईजानच्या जनाज्याची खबर मला दफन झाल्यावर दिलीत. त्याचा हिशेब कसा करणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. जमिनीवरून अबोला होता, म्हणून फोन करायला आम्हीच कचरलो होतो. अम्मी उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. दोघी बराच वेळ रडल्या. निघताना फुफींनी विचारलं, "पुढचा हप्ता घेऊन कधी येणार?" मग स्वतःच म्हणाल्या, "हप्ता नसला तरी या."

सिला-रहमीवर आपण बयान ऐकतो, मुलांनाही शिकवतो. पण बहिणीचा हक्क दाबून नुसती मिठाई नेली, तर ते नातं जोडणं होत नाही. आपल्याही घरात असं एखादं हक्कसोडपत्र असेल, तर बहीण हयात आहे तोवर तिला एकदा विचारा: तू ही सही खरंच खुशीनं केली होतीस का?