दोनशे किलोमीटरवरची चव

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चिरंजीवांकडे सोल येथे आम्ही उभयता तीन आठवडे राहून आलो. राजवाडे पाहिले, हान नदीचे विस्तीर्ण पात्र पाहिले. परंतु मनात राहिली ती शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरातील एक दुपार.

आजींचे वय पंच्याऐंशी. जन्म उत्तर कोरियातील प्योंगयांगचा. १९५० च्या डिसेंबरात युद्धाच्या धामधुमीत वडिलांचा हात धरून त्या दक्षिणेस आल्या. आई आणि तान्हा भाऊ मागाहून येणार होते. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, मध्ये सीमा पडली, आणि ते यावयाचे राहून गेले. प्योंगयांग सोलपासून अवघे दोनशे किलोमीटर. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे. तरीही मूळ गावी जावेसे वाटले तर तिकीट काढले की झाले. आजींना तेवढे अंतर पंचाहत्तर वर्षांत ओलांडता आलेले नाही.

त्या दिवशी त्यांनी आम्हांस ‘नेंगम्यन’ खावयास बोलाविले होते. नेंग म्हणजे थंड, म्यन म्हणजे शेवया. आज सोलमध्ये हा पदार्थ उन्हाळ्यात खातात. मूळचा तो हिवाळ्यातला. १८४९ च्या ‘दोंगुक सेसिगी’ या ग्रंथातही त्याची गणना हिवाळी पदार्थांत आहे. कुट्टूचे पीक शरदाच्या अखेरीस हाती येई, मुळ्याचे खारवलेले पाणी ‘दोंगचिमी’ थंडीत मुरे, आणि बर्फ दारातच असे. खालून तापविलेल्या जमिनीवर बसून हे गारठलेले अन्न खावयाचे!

कृती आम्ही जवळून पाहिली. गाईच्या छातीकडील मांस गार पाण्यात भिजवून त्यातील रक्त काढतात. मग कांदा, लसूण, आले घालून ते मंद आचेवर शिजवितात व वर येणारा फेस काढीत राहतात. रस्सा निवला की थिजलेली चरबी काढून गाळतात, त्यात दोंगचिमीचे पाणी मिसळतात आणि कडेने बर्फ धरेपर्यंत गार करतात. कुट्टूच्या पिठाला चिकटपणा बेताचाच. म्हणून त्यात थोडे बटाट्याचे सत्त्व घालून, ते मळून, दाबयंत्रातून थेट उकळत्या पाण्यात शेवया पाडतात. ते यंत्र पाहताच आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या, “अहो, हा तर आपला कुरडयांचा सोऱ्या!” शिजलेल्या शेवया गार पाण्यात चोळचोळून धुतात. वाडग्यात त्यांवर रस्सा, मांसाचे काप, काकडी, नासपती आणि अर्धे उकडलेले अंडे. शिरका व मोहरी ज्याची त्याने घ्यावी.

येथे आमची पंचाईत झाली. आम्ही गोमांस खात नाही हे चिरंजीवांनी आधीच सांगितले होते, म्हणून आजींनी आमच्या वाड्यांतून काप वगळले होते. परंतु रस्सा मांसाचाच होता. नाकारावे तर वृद्ध यजमानीणबाईंच्या कष्टांचा अवमान, स्वीकारावे तर घरची रीत मोडते. अखेरीस चिरंजीवांकरवी खरे ते सांगितले. आजी क्षणभर थांबल्या. मग उठून त्यांनी किमचीसाठी ठेवलेल्या निराळ्या फ्रीजमधून दोंगचिमीची बरणी आणली. म्हणाल्या, “आमच्या घरी मांस सणावारीच असे. हिवाळ्याच्या रात्री आई याच पाण्यात शेवया वाढी.” आमचे वाडगे त्यांनी नव्याने भरले, आणि स्वतःचाही तसाच भरून घेतला.

पहिला घास जिभेला फिका वाटला. तिसऱ्या-चौथ्या घासापासून मुळ्याची आंबूस गोडी उमगू लागली. आजी मात्र पहिल्याच घासाला थबकल्या. “जवळची आहे, तीच नाही,” एवढेच म्हणाल्या.

बोलता बोलता आम्ही सांगितले की, युद्धबंदींच्या देखरेखीसाठी १९५३ मध्ये भारताने पाठविलेल्या सेनेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मराठी होते. “म्हणजे तुमच्या माणसांनी आमची सीमा पाहिली आहे,” आजी म्हणाल्या.

२७ एप्रिल २०१८ रोजी पानमुनजोम येथे दोन्ही कोरियांचे नेते भेटले, तेव्हा मेजवानीसाठी किम जोंग-उन यांनी प्योंगयांगच्या ‘ओकर्युग्वान’ या उपाहारगृहाच्या शेवया आणविल्या होत्या. त्या दिवशी सोलमधील नेंगम्यनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. एका रांगेत आजीही होत्या. ताटातूट झालेल्या आप्तांच्या भेटीसाठी १९८८ पासून सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांतील निम्म्याहून अधिक आता हयात नाहीत. भेटीची अखेरची फेरी ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. सोडतीत आजींचे नाव कधीच निघाले नाही. चुसॉकच्या सणाला त्या सीमेजवळच्या इमजिनगाक येथे जातात आणि उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी सोऱ्या काढून कुट्टूच्या शेवयांचा प्रयोग केला. त्या साऱ्या तुटल्या. चिरंजीवांमार्फत आजींना कळविले, तेव्हा निरोप आला : पीठ गरम पाण्यात मळा, आणि पुन्हा करून पाहा, आईच्याही पहिल्यांदा तुटल्या होत्या.