नीरेच्या उगमाशी एक रात्र

माझं गाव पणदरे, बारामती तालुका. आमच्याकडे नीरा म्हणजे उसाला येणारं पाटाचं पाणी. डोंगर-बिंगर काही नाही! त्यामुळे नोव्हेंबरात आमच्या गँगने ‘नदीकाठी कॅम्पिंग’चा प्लॅन काढला, तेव्हा मी नीरेचा उगमच सुचवला. भोर तालुक्यातलं शिरगाव, वरंधा घाटाजवळ.

पुणे, भोर, मग नीरा-देवघर धरणाचं पाणी आणि पुढे गर्द झाडी. गावात विचारून काठापासून थोडं वर तंबू ठोकले. नेटवर्क शून्य, टॉयलेट म्हणजे खुरपं आणि आडोसा. चुलीवरचं पिठलं मात्र एकदम सही!

जेवणं झाल्यावर एक मित्र लिक्विड सोप घेऊन ताटांसकट थेट पाण्यात. मी ओरडले, “अरे, खाली आमचे काका शेताला पाणी देतायत!”

सगळे हसले. पण खोटं काय होतं? हेच पाणी देवघरमधून वीर धरणात जातं. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणीही तिथेच येतं. वीरपासून डावा कालवा आमच्या शिवारात. रात्री दोनला पाळी आली, तरी काका बॅटरी घेऊन बांधावर हजर! पाळी हुकली की ऊस सुकतो.

ताटं शेवटी राखेने घासली, बादलीत पाणी घेऊन, काठापासून लांब.

तुम्हीही जा. फक्त पावसाळ्यात नको, घाटात दरडी कोसळतात. आणि साबण घरीच ठेवा.

सकाळी पाहिलं, नीरा जेमतेम दोन ढांगांची. परतताना रेंज आली, काकांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, “वर पाणी आहे ना गं?”