किताब, पुस्तक आणि लिव्र

बहिणीच्या मुलीने अकरावीला उर्दू सोडून फ्रेंच घेतलं. मार्क चांगले पडतात म्हणे. मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई, मला ते लागलं. बोलले नाही, पण ईदला तिच्याशी जरा तुटकच वागले.

मग एका रविवारी तीच वही घेऊन आली. "खाला, फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का? क्लासमध्ये सांगतात, पाठ करा." पुस्तक, म्हणजे लिव्र, मात्र पुल्लिंगी. मी विचारलं, "किताब कशी?" "अच्छी." "आणि पुस्तक?" "चांगलं." एकच वस्तू, तीन भाषांत तीन लिंगं, आणि त्यातली दोन तिने कधी पाठ केली नव्हती. कारण कुठेच नाही. शब्द 'ल' किंवा 'ला'सकट तोंडात बसवायचा, एवढंच.

खरी अडचण वेगळी होती. ती इंग्रजीतून फ्रेंच करत होती. 'आय ॲम हंग्री'चं तिने 'झ स्वी फँ' केलेलं, त्यावर लाल रेघ. त्याचा अर्थ होतो, मी भूक आहे! फ्रेंच माणसाकडे भूक असते: 'झे फँ'. वयही तसंच, त्याच्याकडे सोळा वर्षं असतात.

ऐंशीला 'कात्र व्हँ', चार वीस, यावर ती वैतागलेली. आमची नानी अंडी मोजताना 'चार विसा'च म्हणायची. ते ऐकायला ही नव्हती.

"आणि लिहायचं एक, वाचायचं एक!" 'ले'मधला शेवटचा स मुका, पण पुढे स्वर आला की झ होऊन बोलतो: 'लेझामी'. मी म्हटलं, मकतबात 'अश्शम्स' वाचताना लिहिलेला लाम कुठे जातो? आणि 'अल्कमर'ला परत कसा येतो? नियम वेगळा आहे, पण डोळ्यांवर विसंबायचं नाही हे तू सातव्या वर्षीच शिकलीस.

शेवटी त्यू आणि व्हू. शिक्षकांना व्हू, घरच्यांना बहुधा त्यू. "म्हणजे तुम्हाला त्यू म्हणू?" अम्मी-अब्बांना आप म्हणणारी मुलगी, तिला ते जड गेलं. मी विचारलं, "दुआत अल्लाहला काय म्हणतेस?" "तू." फ्रेंच कॅथलिक मात्र त्यांच्या मुख्य प्रार्थनेत देवाला व्हू म्हणत, १९६६ मध्ये तिथे त्यू आलं.

उर्दू सोडल्याचं मला अजून टोचतं. तेही तिला त्याच दिवशी सांगून टाकलं. ती वहीत बघत राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "खाला, त्यू आ फँ?"

मी खिचडी टाकायला उठले.