आश्रयाचा अर्ज

प्रतिवर्षीं १७ सप्टेंबर हा दिवस आम्ही गेवराईकर मराठवाड्याच्या मुक्तीचा दिन म्हणून पाळतों. १९४८ सालीं याच दिवशीं निजामानें हार मानली. तत्पूर्वीं रझाकारांच्या भयानें आमच्या भागांतील कित्येक कुटुंबें सरहद्द ओलांडून तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत गेलीं होतीं, हें आम्हीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदां ऐकलें आहे. पलीकडे भाषा तीच होती, सोयरेधायरे होते, आणि भय ओसरतांच परतण्यास घर होतें. परंतु ज्याच्या वांट्यास परका देश व परकी भाषा येते, आणि ज्यास परतीची वाटच उरत नाहीं, त्यानें काय करावें?

याचें एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत, कोल्हापूरजवळील वळिवडे गांवीं सांपडतें. योगायोग असा, कीं त्या कथेंतही १७ सप्टेंबर हाच दिवस येतो. १९३९ सालच्या त्या दिवशीं, पश्चिमेकडून जर्मनीनें आधींच घेरलेल्या पोलंडवर पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य चालून आलें. पुढें लक्षावधि पोलिश लोक सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार झाले. १९४१ मध्यें सुटका झाल्यावर त्यांतील कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत पोंचले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ मध्यें बालाचडी येथें मुलांस आसरा दिला. १९४३ मध्यें वळिवड्यास मोठी वसाहत उभी राहिली. तेथें सुमारें पांच हजार माणसें राहिलीं, बहुतेक स्त्रिया व मुलें. शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर, सर्व सोयी होत्या.

तथापि आश्रय आणि कायमचें घर या दोन भिन्न गोष्टी होत. १९४५ मध्यें युद्ध संपलें, तेव्हां यांपैकीं पुष्कळांचीं गांवें नव्या सीमेमुळें सोव्हिएत संघांत गेलीं होतीं. ज्यांचे पति वा पुत्र ब्रिटिशांच्या बाजूनें लढले होते, त्यांस इंग्लंडनें १९४७ च्या कायद्यान्वयें राहूं दिलें. कोणी ऑस्ट्रेलियास व कॅनडास गेले, कोणी पोलंडला परतले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. फाळणींत घर गमावलेले सिंधी बांधव तेथें येऊन राहिले. तेंच आजचें गांधीनगर.

त्याच वर्षीं १० डिसेंबर रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. छळापासून बचावासाठीं परदेशीं आश्रय मागण्याचा हक्क त्याच्या चौदाव्या कलमानें मान्य झाला. १९५१ च्या करारानें पुढें ठरविलें, कीं वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, समाजगट अथवा राजकीय मत यांमुळें छळ होईल असें ज्यास साधार भय आहे, त्यास छळाच्या ठिकाणीं परत लोटूं नये. भारतानें या करारावर सही केलेली नाहीं. तरी गोंदिया जिल्ह्यांत तिबेटी निर्वासितांची वसाहत आजही नांदते आहे.

आज अनेक देशांत अर्जदारास परक्या अधिकाऱ्यासमोर आपली हकीकत सांगावी लागते. घर कां सोडलें, भय कोणाचें, पुरावा काय, असें त्यास विचारतात. प्रत्येक अर्ज खराच असेल असें नव्हे, म्हणून चौकशी हवीच. परंतु रात्रींतून पळणारा मनुष्य दाखले गोळा करून निघत नाहीं. पुष्कळदां त्याचा शब्द हाच त्याचा पुरावा असतो. सरहद्द ओलांडणाऱ्या आमच्या माणसांस कोणीं "रझाकारांच्या धमकीचा लेखी दाखला आणा" असें म्हटलें असतें, तर त्यांनीं काय दाखविलें असतें?

पोलंडची राजधानी वॉर्सा येथें आज कोल्हापूरच्या स्मरणार्थ एक स्मारक उभें आहे. पांच वर्षांच्या निवाऱ्याची आठवण त्या लोकांनीं इतकीं वर्षें जपली. तेव्हां बालमित्रांनो, उद्यां आपल्या वर्गांत परमुलखांतून आलेला, आपली भाषा न जाणणारा एखादा विद्यार्थी दारांत उभा राहिला, तर आधीं त्यास बसावयास जागा द्यावी, आणि मग तो सांगेल तें स्वस्थपणें ऐकून घ्यावें.