नात्याचा रकाना

१६ ऑगस्ट २००८ ला शनिवार होता आणि नारळी पौर्णिमा. बँकेचा अर्धा दिवस उरकून मी ताईकडे गेलो, राखी बांधून घेतली, दोन घास नारळीभात खाल्ला आणि ‘युनियनचा मोर्चा आहे’ असं सांगून सटकलो. बँकवाल्याच्या घरात या वाक्यानंतर कोणी पुढचं काही विचारत नाही. मोर्चा खराच होता, फक्त युनियनचा नव्हता. गवालिया टँकच्या ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीपर्यंत ‘क्विअर आझादी मार्च’ पहिल्यांदाच निघत होता.

मैदान मुद्दाम निवडलेलं. १९४२ मध्ये इथूनच इंग्रजांना ‘चले जाव’ सांगितलं गेलं. ते गेले, पण १८६० च्या दंडसंहितेतलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं त्यांचं कलम ३७७ मागे राहिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ लाच दोन सज्ञान पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्हा उरले नाहीत. आम्ही मात्र साठ वर्षांच्या स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या लेखी गुन्हेगार. म्हणून त्या दिवशी एक मागणी अशीही होती की या कलमाबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागावी. ती मागणी मला अजून आवडते. तिच्यात थोडा खवचटपणा आहे.

ज्यांना चेहरा दाखवायचा नव्हता त्यांच्यासाठी मुखवटे होते. मीही घेतला. तोंडावर रंगीत मुखवटा, मनगटावर ताईची भलीमोठी स्पंजची राखी, खिशात बँकेचं ओळखपत्र. वाटेत फुटपाथवर उभ्या एका आजोबांनी मला विचारलं, “कुठल्या पक्षाचे?” म्हटलं, “कुठल्याच नाही.” ते कळवळून म्हणाले, “मग कसं होणार तुमचं?”

“यात मिरवण्यासारखं काय आहे?” हा प्रश्न मी पुढे शाखेत, लग्नाच्या पंगतीत, रिक्षातसुद्धा ऐकला. विचारणाऱ्यांना ही सगळी मौजमजा वाटते. तिचं मूळ मारामारीत आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर पोलिसांची धाड पडली. धाडी नेहमीच्या होत्या. त्या रात्री लोक निमूट गाडीत बसले नाहीत, एवढाच फरक. दगड, बाटल्या, नाणी, हाताला लागेल ते भिरकावलं गेलं आणि पुढच्या काही रात्री तो भाग धुमसत राहिला. वर्षाने त्याच तारखेला तिथून मोर्चा निघाला. आमच्याकडे २ जुलै १९९९ ला कोलकात्यात जेमतेम पंधरा माणसं पिवळे टी-शर्ट घालून चालली. चौदाशेचा मोर्चा काढायला संघटना लागते. पंधराचा काढायला छाती लागते, असं माझं युनियनमध्ये काढलेल्या आयुष्यावरून मत आहे.

मुंबईत त्याआधी अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं होतं. त्याचे अंक मी खाकी पाकिटात घालून शाखेतल्या खणात, जुन्या व्हाउचरांच्या खाली ठेवायचो. तिथे ऑडिटरसुद्धा हात घालत नाही.

कायद्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगारीतून बाहेर काढलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने परत आत टाकलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायमचं सोडवलं. त्या संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ते युनियनचं तेव्हाच कळलं होतं मला. राखीच्या दिवशी अत्तर लावून कोण जातं मोर्चाला?”

पण गुन्हेगार नसणं वेगळं आणि नातेवाईक असणं वेगळं. हे मला एका रुग्णालयाच्या काउंटरवर कळलं. जोडीदाराचं पित्ताशयाचं ऑपरेशन तातडीने करायचं होतं. डिपॉझिट मी माझ्या कार्डाने भरलं. पैसे घेताना नातं कोणी विचारलं नाही. संमतीपत्राच्या वेळी मात्र ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यावर पेन अडलं. ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरची मुलगी अगदी सौजन्याने म्हणाली, “काका, मित्र नाही चालणार. रक्ताचं कोणीतरी बोलवा.” रक्ताचा म्हणजे साताऱ्याचा भाऊ. त्याने याच्याशी बोलणं टाकून वर्षं लोटली होती. तो रात्रीच्या एसटीने आला, फॉर्म न वाचताच सही केली, चहासुद्धा न घेता परतला. कोणती ॲलर्जी आहे, कोणती गोळी चालत नाही, हे डॉक्टरांना मी सांगितलं. कागदावर मी नव्हतो.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला आणि तो विषय संसदेकडे बोट दाखवून सोडला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने खुलासा केला की समलिंगी जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. पेपरांनी कौतुकाने छापलं. बँकेत केस पांढरे झालेला माणूस म्हणून सांगतो, जॉइंट खात्याला नातं कधी लागतच नव्हतं. खुलासा उपयोगाचा आहे तो एवढ्यासाठीच की अडवणाऱ्या क्लार्कसमोर धरायला एक कागद झाला. खरी मेख पुढे आहे. नॉमिनी मालक होत नाही; तो पैसे फक्त ताब्यात घेतो. वारस कायद्याने ठरतात, आणि त्या यादीत साताऱ्याचा भाऊ आहे, मी नाही.

अलीकडच्या मार्चमध्ये कंपन्यांचे बॅनर असतात, ढोल असतात, पोरं रील काढतात. नाचू देत, त्यांच्या वयात मी व्हाउचरांखाली अंक लपवत होतो. पण लग्न, वारसा, दत्तक यांच्या मागणीचे फलक कमी होऊन नुसते प्रेमाचे संदेश वाढले, हे मला पटत नाही. प्रेम आम्हाला कायद्याविनाही जमलं. मोर्चा मागण्यांसाठी असतो.

तोवर मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही; दोन साक्षीदार मात्र लागतात. आणि घोडं तिथेच अडतं, कारण सहीची वेळ आली की ‘आम्हाला कशाला यात पाडता’ म्हणत भले भले मागे सरतात. तेव्हा तुमच्या मजल्यावर असे दोघं राहत असतील आणि कधी दार वाजवून साक्षीदार व्हाल का म्हणून विचारतील, तर चष्मा लावा आणि सही करा.